एका दाराचे तीन चित्रपट

१२ जानेवारी

ताई,

पाकिटावरचा पत्ता ह्यांच्याकडून लिहून घेतलाय. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच कपाटावर भिरकावलं असतंस. ह्यांचं अक्षर तुला माहीत नाही, आणि तसं ते कुणालाच लागत नाही. तेव्हा पत्र तुझ्या हातात पडलं असेल तर पोस्टमनचे आभार मान.

फोन केला नाही, कारण फोनवर मला आता बोलता येत नाही. घशात गाठ होती. ती काढली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला, हे काय कमी आहे?" मी मान डोलावली. दुसरं करणार काय? गळ्याला पट्टी आहे, हातात पोरांची असते तशी पांढरी पाटी आणि पेन आहे, आणि घरात कधी नव्हे इतकी शांतता आहे. हे म्हणतात, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मी पाटीवर उत्तर लिहीपर्यंत ते दुसऱ्या खोलीत पसार झालेले असतात.

मोबाईलवर तुला दोन ओळी टाकल्या होत्या. तू वाचल्याची खूण उमटली आणि पुढे शुकशुकाट. म्हणून हा कागद. कागद फाडायचा तरी हातात घ्यावा लागतो.

आता कामाचं. बाबांच्या नाटकावर पुन्हा चित्रपट होतोय, तिसरा. दिग्दर्शिका म्हणजे पोरगीच आहे. पावसाळ्यानंतर एकदा घरी आली, नाटकाचं पुस्तक छातीशी धरून, पानोपानी रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. म्हणाली, "मावशी, पहिल्या चित्रपटात दिवा धरणारी छोटी मुलगी तुम्ही. दुसऱ्यात दाराबाहेरची मुलगी तुम्ही. आता दाराआतली आई मी दुसऱ्या कुणाला कशी देऊ?" तेव्हा मला बोलता येत होतं. मी म्हटलं, "नाटक काय आहे ते तरी सांग, मी विसरले." थाप होती. मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

तिनं सांगितलं. शहराला वेढा पडलेला, विहिरी आटलेल्या. राणीनं भर चौकात शपथ घेतलेली, की जो कुणी शत्रूला वेस उघडून देईल त्याला माझ्या घराचं दार कायमचं बंद. वेस उघडते तिचीच मुलगी, तहानेनं मरणाऱ्या पोरांसाठी. शेवटच्या प्रवेशात पहाटे ती घरी येते. दार बंद. ती बाहेर, आई आत. दोघी बोलतात, पण आई अडसर काढत नाही. मुलगी निघून जाते ती नदीकडेच. आणि मग आई दार उघडते, म्हणते, "आत ये गं, बाहेर गार आहे." समोर कुणी नसतं.

सांगता सांगता त्या पोरीचेच डोळे भरले. जन्मभर प्रॉम्प्टर म्हणून विंगेत उभं राहून बाबांनी ती वाक्यं नटनट्यांना पुरवली, आणि प्रत्येक वेळी तिथे आले की घसा खाकरायचे, ते आठवलं. मी लगेच हो म्हटलं.

शूटिंग झालं तेव्हा आवाज घोगरा झाला होता. मला वाटलं, थंडी बाधली. सेटवर जे मुद्रित झालं ते नुसतं खरखरीत आहे, कुणाला ऐकवण्यासारखं नाही. आता चित्रपट पुरा झालाय. फक्त आई मुकी आहे.

तिला आवाज हवाय. तो तुझा हवा, ताई, दुसऱ्या कुणाचा नको. माझे ओठ तुलाच जुळवता येतात. एवढंच मागायला लिहिलं.

तुझी धाकटी


२० जानेवारी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र पोचलं असं धरून चालते.

आज स्टुडिओतल्या छोट्या प्रेक्षागृहात गेले होते. बाहेर लख्ख ऊन आणि आत हा काळोख. दिग्दर्शिकेनं तिन्ही चित्रपटांतला तोच एक प्रवेश एकापाठोपाठ एक लावून ठेवला होता. तिला तिच्या चित्रपटातल्या आईचा आवाज कसा असावा ते ठरवायचंय, म्हणून आधीच्या दोघी कशा बोलल्या ते ती पुन्हापुन्हा ऐकते. मला शेजारी बसवलं. औषधांनी दुपारी डोळे जड होतात, त्यामुळे मी अर्धं पाहिलं आणि अर्धं स्वप्नात, आणि कुठलं कुठे संपलं ते सांगता येणार नाही.

पहिला चित्रपट काळा-पांढरा. कॅमेरा आत, आईजवळ. मुलगी दिसतच नाही, नुसती ऐकू येते. राणी झालेल्या मोठ्या बाईंचा चेहरा पडदाभर. त्या रडत नाहीत, नुसत्या दाराकडे बघत राहतात, आणि त्यांच्या खांद्याशी एक पोर दिवा धरून उभी. दोन हात, हनुवटी आणि मोठाले डोळे. ती मी, हे मला पटेना. दार प्लायवूडचं होतं, आठवतं? पलीकडून थाप पडली की मच्छरदाणीसारखं हलायचं. शेवटी दोन माणसं मागे टेकू देऊन उभी केली. पडद्यावर मात्र ते दार किल्ल्याचं वाटतं. मी झोपेत त्या दाराला हात लावला, तर ते गार आणि जड लागलं.

मग पोरीनं चित्र थांबवलं. म्हणाली, "मावशी, मला नेहमी एक कोडं पडतं. सगळे दाराकडे बघताहेत आणि ही छोटी मुलगी एकटीच डावीकडे बघतेय. काय दिसतंय तिला? मला वाटतं तिला मरण दिसतंय. मी त्यावर एक लेखही लिहिलाय."

मी पाटीवर लिहिलं, "ताई दिसतेय. नाक पुसू नकोस म्हणून खुणा करतेय."

पोरगी इतकी हसली की यंत्र चालवणारा खिडकीतून डोकावला. मग तिनं तो भाग परत लावला. आता मला तू दिसायला लागलीस, चौकटीच्या बाहेर, दिव्यांच्या पलीकडे. दोन वेण्या घातलेली, एका हातात माझा स्वेटर. आणि दुसरं म्हणजे तू सगळी वाक्यं ओठांनी म्हणत होतीस, राणीची आणि मुलीचीही. आवाज न काढता. मी दिवा न हलवता उभी राहू शकले ती तुझे ओठ वाचत होते म्हणून. त्या चित्रपटात तुझं नाव नाही, चेहरा नाही, पण माझ्या डोळ्यांत बघितलं तर तू आहेस.

दुसऱ्या चित्रपटाबद्दल आज लिहीत नाही. दम लागतो. लिहितानाही दम लागतो हे मला नवीन कळलं.

त्यांनी एका आवाज देणाऱ्या बाईंना बोलावलं होतं, पडद्यावरच्या आईचं बोलणं म्हणायला. चांगल्या आहेत बिचाऱ्या. आवाज तुपातला. प्रत्येक शब्दावर थबकून, आता मला रडू येणार आहे असं आधी सांगून मग रडतात. मी पाटीवर लिहिलं, "नको." पोरीनं ती पाटी त्यांना दिसू नये म्हणून घाईनं पालथी घातली.

ये ना.

पिपाणी

(बाबांनी ठेवलेलं नाव आहे, टाकवत नाही.)


२९ जानेवारी

ताई,

दुसऱ्या चित्रपटाचं लिहिल्याशिवाय तू उत्तर देणार नाहीस असं हे म्हणतात. ह्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण लिहिते.

हा रंगीत. कॅमेरा बाहेर, मुलीजवळ. आई दिसत नाही, तिचा नुसता आवाज येतो, लांबून, खालच्या मजल्यावर कुणी बोलावं तसा. दाराबाहेर मी. केस विस्कटलेले, ओठांवर सुकलेल्या चिखलासारखं काहीतरी फासलेलं. मी बरी दिसते त्यात. उगाच विनय कशाला? दिसण्यासाठीच घेतलं होतं मला. आवाज म्हणजे बाबांच्या भाषेत पिपाणी. दिग्दर्शकांनी पहिल्याच दिवशी कानांवर हात ठेवले आणि म्हणाले, "चेहरा हिचा, आवाज मोठीचा." आपण दोघी हसत घरी आलो होतो. तेव्हा त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नव्हतं. एकीला काम मिळालं आणि दुसरीलाही मिळालं, एवढंच.

आज पडद्यावर पाहताना मला तू काचेच्या खोलीत दिसलीस. डोक्यावर हेडफोन, पायांत चप्पल नाही, कारण चप्पल वाजते. माझा एक एक तुकडा पडद्यावर फिरफिरून येतोय आणि तू त्याच्यात शब्द भरतेयस. मी काचेपलीकडे बसून बघायचे. पडद्यावरच्या माझ्या छातीत श्वास भरला की तुझ्याही छातीत भरायचा. मला तेव्हा भास व्हायचा की मी नाहीच, आपल्या दोघींची मिळून कुणी तिसरीच तिथे उभी आहे आणि ती आपल्यापेक्षा चांगली आहे.

आणि मग ते "बरं".

नाटकात मुलगी काही न बोलता वळून जाते. मी तशीच वळले, कॅमेऱ्याकडे पाठ. पाठमोऱ्या बाईचे ओठ जुळवायचे नसतात, तेव्हा तुझं काम तिथे संपलं होतं. तू हेडफोन काढायच्या ऐवजी माईकजवळ गेलीस आणि हळूच म्हणालीस, "बरं." आपल्या घरी आई काही नको म्हणाली की तू म्हणायचीस, अगदी तसं. दिग्दर्शक खुर्चीतून उठून उभे राहिले. तो एक शब्द लोकांनी डोक्यावर घेतला. मला पुढे पानवाल्यापासून न्यायाधीशांपर्यंत सगळे सांगायचे, बाई, तुमचं ते "बरं" काळजात रुतलं. मी हात जोडायचे.

बक्षीस समारंभाचं तुला सांगायला नको. तू चौथ्या रांगेत होतीस, मी दिलेल्या साडीत. प्रमुख पाहुणे चढ्या आवाजात म्हणाले, "आज रसिकांना ते 'बरं' प्रत्यक्ष ऐकू द्या!" माईक माझ्या तोंडापुढे आला. मी म्हटलं. माझ्याच आवाजात, दुसरा कुठून आणणार?

सभागृह हसलं. ते हसणार, त्यात नवल नव्हतं. मी तुझ्याकडे पाहिलं, ताई. तूही हसत होतीस. तोंडावर पदर धरून, खांदे हलत होते.

मी नंतर तुझ्याशी बोलले नाही. तूही विचारलं नाहीस. तुझं नाव पडद्यावर नव्हतं, त्याचा तुझ्या मनात राग असणार, आवाज देणाऱ्यांची नावं तेव्हा घालतच नसत. तो राग हसण्यातून बाहेर पडला असेल. की नुसतंच हसू आलं असेल? इतकी वर्षं मी दोन्ही बाजूंनी खटला चालवला. निकाल लागला नाही. त्या दिवसापासून ह्या चित्रपटापर्यंत मी कुठल्याही यंत्रासमोर तोंड मात्र उघडलं नाही. चित्रपट केले, आवाज दुसऱ्यांचे. फोनवर कुणी "आवाज रेकॉर्ड करून पाठव" म्हटलं तर लिहून पाठवायचे.

मला अजूनही त्याचा राग आहे. राग असून मागतेय, हे लक्षात घे.

धाकटी


६ फेब्रुवारी

ताई,

आज जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय झोप येणार नाही, आणि मला तर आता दिवसाही झोप येते.

आमचा ध्वनिमुद्रक शांत मुलगा आहे. दाढी, मऊ बोलणं, चहात साखर तीन चमचे. गेल्या आठवड्यात येऊन म्हणाला, "बाई, दुसऱ्या कुणाचा आवाज कशाला? तुमचाच परत आणतो." आता म्हणे यंत्राला माणसाचा जुना आवाज ऐकवला की ते त्याच आवाजात हवं ते बोलून दाखवतं. मला तर जादूटोणाच वाटला. मी पाटीवर लिहिलं, "आण." नाही म्हणायचं सुचलंच नाही. गेलेलं माणूस परत येतंय म्हटल्यावर नको कोण म्हणेल?

आज ऐकायला बोलावलं. तोच काळोख, तीच खुर्ची. पडद्यावर मी, दाराला कान लावून गुडघ्यांवर बसलेली. सुरकुत्या खऱ्या, रंगवलेल्या नाहीत. माझे ओठ हलले आणि त्यांतून तू बोललीस.

तू, ताई. पंचविशीतली. माझ्या म्हाताऱ्या तोंडातून.

त्यानं यंत्राला दुसरा चित्रपट ऐकवला होता! मुलगा हौसेनं माझ्याकडे वळून म्हणाला, "जुळला ना, बाई?" मला आधी हसू आलं, म्हणजे खांदे हलले, मग रडू आलं, आणि दोन्हीला आवाज नसल्यामुळे त्याला वाटलं मी खूश आहे. मी पाटीवर लिहिलं, "हा माझा नाही. माझ्या बहिणीचा आहे."

त्यानं वाचलं. परत वाचलं. "मग तुमचा कुठल्या चित्रपटात आहे? तो वापरतो."

"कुठल्याच नाही," मी लिहिलं.

घरी आल्यावर ह्यांनी सगळी कपाटं उपसली. जुन्या कॅसेटी, फोन, पेनड्राइव्ह. एका सहलीच्या व्हिडिओत मी कठड्याशी उभी राहून तावातावानं काहीतरी सांगतेय, पण वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. हे चार वेळा तेच लावून कान देऊन बसले. मग म्हणाले, "ऐकायला हवं होतं तेव्हा मी पेपर वाचत बसायचो." मी त्यांच्या पाठीवर थोपटलं. माझा आवाज आता कुठेच नाही, ताई. ह्यांच्या डोक्यात थोडा असेल. तुझ्या थोडा. संपला हिशोब.

निर्मात्याला ते यंत्राचं पसंत पडलंय. तुझ्या परवानगीचा कागद तुला येईल. सही करायची की नाही ते तू बघ, आवाज तुझा आहे. पण एक सांगते. यंत्रातली तू वाक्य संपलं की श्वास घेत नाहीस. न थांबता पुढच्या वाक्याला लागतेस. मला ऐकताना गुदमरायला झालं. तुझं नाव पडद्यावर मोठ्या अक्षरांत घालायचं, हे मी त्या पोरीकडून कबूल करून घेतलंय, तू प्रत्यक्ष आलीस तर. या महिन्याच्या शेवटापर्यंत ते थांबतील, पुढे नाही.

पिपाणी


१७ फेब्रुवारी

ताई,

आज थोडंच. ताप होता, उतरला.

तापात तिन्ही चित्रपट एक झाले. दार एकच होतं, प्लायवूडचं, आणि मी त्याच्या दोन्ही बाजूंना होते. बाहेरून थाप मारायचे आणि आतून ऐकायचे. मधेच दिवा धरलेली ती पोर माझा पदर ओढून म्हणाली, बाहेर कोण आहे? मला सांगायचं होतं, पण मी ओठ हलवले आणि शब्दच आले नाहीत. तिनं माझ्या ओठांकडे नीट बघितलं आणि तिला सगळं कळलं. मग सूर्य आला, खोलीत पाणी भरावं तसा हळूहळू, आणि मला फार बरं वाटलं. जागी झाले तर हे उशाशी बसून संत्रं सोलत होते.

तिसऱ्या चित्रपटात दार कसं दाखवलंय ते लिहायचं राहिलं. कॅमेरा आत नाही आणि बाहेरही नाही. दाराच्या कडेला. पडद्याच्या मधोमध दार म्हणजे एक उभी रेघ, एका अंगाला आई, दुसऱ्या अंगाला मुलगी, दोघींची डोकी एकाच ठिकाणी दाराला टेकलेली. पहिला चित्रपट बघून आईचा धाक वाटायचा. दुसरा बघून मुलीची कीव यायची. या पोरीनं दोघींना एकमेकींच्या इतकं जवळ बसवलंय की बघणाऱ्यालाच उठून तो अडसर काढावासा वाटतो. म्हणून आईचा आवाज इथे फार जपून हवा. राणीचा हवा, पण मोठा नको. मी म्हणाले असते तर बिघडवलाच असता म्हणा.

तुझी वाट बघून आज मी पोरीला लिहून दिलं, की तू नाही आलीस तर आईला मुकीच ठेवा. तिचं बोलणं नुसतं ओठांवर दिसू दे. पोरगी म्हणाली, "मावशी, लोक उठून जातील." मी लिहिलं, "जाऊ देत." खरं तर मला धडकी भरलीय. हा माझा शेवटचा चित्रपट. लोक उठून गेलेले मला बघवणार नाहीत.

आणखी लाचार होता येत नाही. तू येत नसशील तर तसं कळव. एक शब्द लिही. तोच लिही हवा तर, लोकांना आवडलेला.

धाकटी


१४ मार्च

ताई,

काल चित्रपट पाहिला. पूर्ण, भरलेल्या सभागृहात.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं. पोरगी एवढंच म्हणाली होती, की मावशी, आवाजाचं झालं, आता प्रश्न विचारू नका. मला वाटलं, तूपवाल्या बाई आल्या. किंवा तू कागदावर सही करून मोकळी झालीस. पहिला भाग मी ह्यांचा हात धरून बसले होते. त्यात आईला फारसं बोलणं नाही, चौकातली शपथसुद्धा पोरीनं लांबून, गर्दीच्या गोंगाटात दाखवलीय. मग शेवटचा प्रवेश आला. मध्ये ती रेघ. मुलीनं विचारलं, "आई, जागी आहेस?" आणि माझे ओठ हलले.

"मी झोपतेच कुठे," आई म्हणाली.

ह्यांनी माझा हात एवढा दाबला की बांगडी रुतली. ताई, तो तुझा आवाज नव्हता. तुपाचा नव्हता, यंत्राचा नव्हता. बारीक, किनरा, शेवटच्या अक्षरावर थोडासा नाकात जाणारा. पिपाणी. माझा! मी गळ्याला हात लावून पाहिला. पट्टी होती तिथेच होती, आणि मी समोर बोलत होते. दम लागून मध्ये थांबते तशी थांबत होते. "नाही"मधला "ही" ताणते तसा ताणत होते. मलाही माहीत नव्हतं मी तसा ताणते.

आणि काय सांगू, राणीला तोच आवाज हवा होता. चौकात शपथा घेणारी एवढी मोठी बाई, आणि दाराआड एकटी सापडली तर आवाज एवढासा. ती दार उघडत नाही ती कठोर आहे म्हणून नाही, घाबरलीय म्हणून, हे मला पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मी त्या दाराच्या आतबाहेर करतेय आणि मला हे कळलं नव्हतं. मग तिनं अडसर काढला. "आत ये गं, बाहेर गार आहे." रिकाम्या उंबऱ्याला.

मी सभागृहाकडे वळून पाहिलं. सवयच ती. एकही माणूस हसत नव्हता, ताई. माझ्या मागचा एक जाडजूड गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होता. मी त्याच्याकडे टक लावून बघत बसले, शेवटी ह्यांनी मला पुढे वळवलं.

बाहेर आल्यावर मी ध्वनिमुद्रकाला कोपऱ्यात गाठलं आणि पाटी त्याच्या नाकापुढे धरली, "बोल." त्यानं सगळं सांगितलं. मी तपासणीला दवाखान्यात गेले होते त्या दिवशी तू आलीस. चप्पल दाराशी काढलीस. त्यानं विचारलं, बाईंना बोलावू का? तू म्हणालीस, "नको, ती मध्ये बोलेल." तो म्हणाला, "अहो, त्यांना बोलता येत नाही." तू म्हणालीस, "तुम्ही ओळखत नाही तिला."

तू तोंड उघडल्यावर पोरगी म्हणे घाबरली. "राणीचा आवाज असा?" आणि तू तिला म्हणालीस, "माझ्या बहिणीचा असा आहे. एकदा सगळे हसले होते, मीही हसले होते. आता नीट ऐका." मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकेक वाक्य घासत बसलीस. "हे माझं झालं, पुन्हा," असं म्हणून चांगली चांगली वाक्यं पुसायला लावलीस. शेवटी त्या रिकाम्या उंबऱ्याच्या वाक्यापाशी तुझा घसा बसला, तरी पाणी पिऊन परत उभी राहिलीस.

आता भांडणाचा मुद्दा. श्रेयनामावलीत मी तुझं नाव शोधलं. नव्हतं. पोरीला धारेवर धरलं, तर म्हणाली तूच नको म्हणालीस. "ज्याचा आवाज त्याचं नाव घाला, मी फक्त पोचवायला आले." हे मला अजिबात मान्य नाही! मला काय वाटेल याचा विचार केलास? पुन्हा एकदा लोक येऊन मला हात जोडणार, आणि मी पुन्हा तशीच उभी राहणार? तुझं नाव घालायला मी लावणारच आहे. तुझी मोठेपणाची हौस अजून गेलेली नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीनं मी तुझ्याकडे येतेय. ह्यांना आणत नाही, ते तुझी बाजू घेतील. चार दिवस राहीन. मनातलं सगळं लिहून आणतेय, म्हणजे पाटीवर वेळ जायला नको. तू वाच, आणि मग मोठ्यानं म्हणून दाखव, माझ्यासारखं. भांडण असेल ते भांडणाच्या सुरात, रडणं असेल ते रडण्याच्या. मला अजून पुष्कळ बोलायचंय गं, आणि माझा आवाज आता फक्त तुझ्यापाशी आहे.

तुझी
पिपाणी